आडनाव लोकांनी म्हणायचं

हालरटाऊ, २३ ऑगस्ट २०२४

प्रिय आजोबा,

कागदावर हिरवट डाग दिसतील, ते माझ्या बोटांचे. इथे हॉप्सची, बिअरमध्ये घालतात त्या कडू फुलांची, तोडणी चालू आहे. घराहून उंच तारांवर चढलेल्या वेली ट्रॅक्टरनं खाली ओढतात आणि मी मागच्या पिंजऱ्यात उभी राहून अडकलेल्या सोडवते. हाताला असा कडू वास बसतो की नुसता पाव खाल्ला तरी बिअर प्यायल्यासारखं वाटतं. मालकीणबाई म्हणतात, हॉप्सच्या वासानं नवीन माणसाला पहिला आठवडाभर झोप येते. मला काही आली नाही. मला झोप फक्त शाळेत यायची, हे तुम्हाला ठाऊक आहे. इथे एक क्रोएशियन बाई आहे, ती गाताना वेली तोडते आणि गाणं थांबलं की हातही थांबतो, तिच्याबद्दल पुढे लिहिते.

नाही, आधी मुद्द्याचं. आईचा निरोप आला. आपल्या फुटबॉल क्लबला एकशेपंचवीस वर्षं होतायत, आजवरच्या सगळ्या खेळाडूंतून त्यांनी अकरा जण निवडले, बचावाच्या मधोमध तुमचं नाव आहे, आणि नोव्हेंबरात सामन्याआधी अकराही जणांना मैदानात बोलावून मान देणार आहेत. त्यातून सामना आपल्या हाडवैरी लुडेनराटशी. आपल्या हेर्टेनबेकमध्ये लोक लग्नाची तारीखसुद्धा लुडेनराटचा सामना टाळून काढतात. आणि तुम्ही क्लबला कळवलंत, 'गुडघ्यामुळे येणं जमणार नाही.'

कुठला गुडघा? ईस्टरला तुम्ही करवत घेऊन चेरीच्या झाडावर होतात. मी खालून शिडी धरली होती आणि तुम्ही मला 'नीट धर, हे मैदान नाही' म्हणून ओरडत होतात.

खरं कारण लिहा. फोन मुद्दाम करत नाही. फोनवर तुम्ही 'हं' म्हणता आणि ठेवून देता. कागदावर निदान वाक्य तरी पुरं करावं लागतं.

तुमची,
मेर्ले


हेर्टेनबेक, ३१ ऑगस्ट

मेर्ले पोरी,

गुडघा बरा आहे. तुझ्या आईला सांगू नकोस.

तुझ्या वयाच्या लोकांना वाटतं की हे पहिल्यापासून असंच चालत आलंय: माइकवरचा माणूस खेळाडूचं नुसतं पहिलं नाव घेतो आणि आडनाव अख्खं स्टेडियम ओरडतं. आमच्या वेळी असलं काही नव्हतं. बुडे मास्तर होते, प्राथमिक शाळेतले. ते हजेरी घेतल्यासारखी नावं वाचायचे. 'चार, सोबोट्का, हार्टमुट.' आणि त्याच दमात, 'गेटापाशी एक काळी छत्री सापडली आहे.' मी चौदा हंगाम या क्लबकडून खेळलो, त्यातले सहा देशातल्या सगळ्यात वरच्या बुंडेसलीगात, आणि माझं आडनाव कुणी एकदाही ओरडलं नाही. माझी तक्रार नाही. नाव ओरडायची गोष्ट गोल करणाऱ्यांची. मला प्रशिक्षक सामन्याआधी एक माणूस नेमून द्यायचे, समोरच्यांचा सगळ्यात तेज पुढचा गडी. दीड तास त्याच्या शर्टाला चिकटायचं. त्याला चेंडू मिळाला नाही म्हणजे माझं काम झालं. अशा कामाचं दुसऱ्या दिवशी पेपरात काही छापून येत नाही. येत नाही तेच चांगलं.

जूनमध्ये मी पार्सल आणायला गेलो होतो. काउंटरवरच्या पोराच्या गळ्यात आपल्या क्लबचा हिरवा-पांढरा मफलर. उन्हाळ्यात. 'नाव?' म्हणाला. मी सांगितलं. 'कसं लिहायचं?' म्हणाला. मी एकेक अक्षर सांगितलं. पोराचं काही चुकलं नाही. माझं लॉटरी-तंबाखूचं दुकान होतं तोवर लोक सिगारेट घ्यायला यायचे आणि त्या निमित्तानं जुने सामने पुन्हा खेळून जायचे. ते बहुतेक आता स्मशानात आहेत.

तेव्हा कल्पना कर. बाकीचे दहा जण गोल मारणारे, कप जिंकणारे, टीव्हीवर दिसणारे. मी मैदानाच्या मधोमध उभा. माइकवरचा पोरगा म्हणणार, 'हार्टमुट...' आणि हात वर करून थांबणार. आणि समोर वीस हजार माणसं गप्प. तो हात तसाच वर.

त्या वेळी मला खाली बघावं लागेल. मैदानात मी कधी खाली बघितलेलं नाही.

क्रोएशियन बाईबद्दल लिहायचं राहिलं तुझं.

आजोबा


मोझेल नदीकाठी, १० सप्टेंबर

प्रिय आजोबा,

हॉप्स संपायच्या आत निघाले. मालकीणबाई म्हणाल्या, 'एवढेच दिवस का गं?' मी म्हटलं, 'एवढेच.' क्रोएशियन बाईनं निघताना मला मोजे दिले, बस, तिची गोष्ट एवढीच झाली. आता द्राक्षं. इथले मळे इतके उभे आहेत की टोपली पाठीवर घेऊन चढताना नाक मातीला लागतं. एक म्हातारा मजूर आहे, तो दर ओळीच्या शेवटी थांबून नदीकडे बघतो आणि 'अजून आहे' म्हणतो. काय अजून आहे, नदी की काम, कळत नाही.

इथे येताना मी वाटेत कुठे कुठे उतरले ते विचारू नका. मला एवढंच सांगायचंय की तुम्ही जा. क्लबला कळवा की गुडघा सुधारला. मला खात्री आहे की लोक तुमचं आडनाव म्हणतील. कशावरून, ते नका विचारू. मला काही गोष्टी आतून कळतात. गणित कळलं नाही कधी, पण हे कळतं.

तुम्ही मैदानात उभे आहात आणि मी ते बघायला नाही, असं होणार नाही. त्या दिवशी मी जिथे असेन तिथून येईन.

मेर्ले


हेर्टेनबेक, १९ सप्टेंबर

मेर्ले पोरी,

कळवलं. क्लबच्या कचेरीतली बाई म्हणाली, 'गुडघे असे आपोआप बरे होत असते तर आमचा अख्खा संघ फिट असता.'

करड्या रंगाचा कोट काढला. लग्नाचा नव्हे, दुकान उघडलं तेव्हाचा. बसतो. तुझी आई म्हणते, कोट नको, क्लबचा हिरवा शर्ट घाला, पाठीवर चार नंबर. मी म्हटलं, या पोटावर चार नंबर घातला तर तो आठ दिसेल. ती अजून हसतेय.

एक सांगतो, तू हसू नकोस. काल कुत्र्याला घेऊन स्टेडियमच्या मागच्या वाटेनं गेलो. फाटक उघडं होतं. आत कुणी नव्हतं, गवत कापायचं यंत्र फक्त. मी मधल्या वर्तुळापाशी जाऊन उभा राहिलो. लहानपणी आमच्या खाणीच्या वसाहतीत मैदान म्हणजे लाल राख. पडलं की राख गुडघ्यात जायची आणि तिथेच राहायची. खाणीत विजेचं काम शिकत होतो, पाळी संपली की तसाच काळ्या तोंडानं सरावाला. त्या राखेतून निघून मी या गवतावर आलो, मेर्ले. कुणी ओळखीनं आणलं नाही.

तुझ्या आतून कळण्यावर मी विश्वास ठेवतोय. असा विश्वास मी फक्त आपल्या गोलकीपरवर ठेवायचो, आणि तो बऱ्याचदा शुद्धीत नसायचा.

आजोबा


मोझेल, २७ सप्टेंबर

प्रिय आजोबा,

कोटच घाला. शर्ट नको.

इथे पाऊस लागलाय, काम बंद, आम्ही सगळे कोठारात बसून कांद्याचा गरम केक खातोय. 'अजून आहे'वाल्या म्हाताऱ्याला मी तुमच्याबद्दल सांगितलं. तो म्हणाला, 'बुंडेसलीगात? खरंच?' मी तुमच्याबद्दल खूप बोलले. थोडं वाढवून पण बोलले. तुम्हाला राष्ट्रीय संघातही घेतलं मी.

सगळं छान होणार आहे. तुम्ही फक्त उभे राहा.

मेर्ले


हेर्टेनबेक, ६ ऑक्टोबर

मेर्ले,

शनिवारी पाव आणायला गेलो होतो. रांगेत माझ्या मागे उत्तर गॅलरीतली तीन पोरं. तीच, जी सामनाभर उभी राहून गातात आणि ज्यांच्यामागे बाकीचं स्टेडियम ओरडतं. एकानं खांद्यावर थाप मारली.

'तुम्हीच ना ते हार्टमुट? काळजी नको, आजोबा. आम्ही जोरात म्हणू. तुमच्या नातीनं सगळं ठरवून दिलंय.'

दुसरा म्हणाला, 'गोलकीपर होतात ना तुम्ही?'

मी 'हो' म्हणालो आणि पाव न घेता घरी आलो.

तर हे तुझं आतून कळणं. वाटेत कुठे उतरलीस ते आता समजलं.

तुझं मन चांगलं आहे, ते मला कुणी सांगायला नको. पण एक ऐक. मी आयुष्यात फार माणसं पाडली. शिट्ट्या खाल्ल्या, कार्डं खाल्ली. पण मी स्वतः कधी खोटा पडलो नाही. धक्का लागला नसताना लोळायचं आणि पंचाकडून फ्री-किक घ्यायची, हे माझ्या वेळीही चालायचं आणि चांगले चांगले करायचे. मी केलं नाही. आणि आता म्हातारपणी, त्याच गवतावर उभा राहून, पढवलेली आरोळी घेऊ? गोलकीपरची?

मी जाणार नाही.

हार्टमुट सोबोट्का


ऱ्हाइन नदी, मानहाइमजवळ, १४ ऑक्टोबर

प्रिय आजोबा,

तुम्ही खाली पुरं नाव सही केलंत. लहानपणी माझ्या प्रगतिपुस्तकावर करायचात तशी. तेव्हाही घाबरले होते.

द्राक्षं सोडली. आता मालवाहू बोटीवर आहे, वाळू घेऊन चाललोय, कप्तानाची बायको स्वयंपाक करते आणि कप्तानापेक्षा चांगली बोट वळवते. तिनं मला दोर बांधायची एक गाठ... ते राहू दे.

मी शुक्रवारी गावी जाऊन आले. तुमच्या दारावरून गेले, आत आले नाही. उत्तर गॅलरीच्या पोरांचा म्होरक्या डेनिस पावलाक, जो भोंगा घेऊन कठड्यावर उभा राहतो आणि सामनाभर मैदानाकडे पाठ करून असतो, त्याला गाठलं. गॅरेजात टायर बदलत होता.

मी म्हटलं, 'मी मागच्या महिन्यात सांगितलं ते विसर. ओरडू नका.'

'म्हणजे?'

'ज्याला ठाऊक आहे तो म्हणेल. ज्याला नाही त्यानं गप्प बसायचं. तू भोंग्यातून काही बोलायचं नाही.'

'बाई गं,' पावलाक म्हणाला, 'मी दहा वर्षं लोकांना ओरडायला लावतोय. गप्प कसं बसवतात ते मला येत नाही.' मग पाना खाली ठेवला. 'आणि कुणालाच ठाऊक नसलं तर? म्हातारा एकटा पडेल तिथे.'

'पडायचा नाही,' मी म्हटलं. 'उभा राहील.'

त्यानं शब्द दिलाय. हातावर हात मारून, ग्रीसनं माखलेला.

आजोबा, मी चूक केली, पण आता माझं ऐका. आजी मला झोपवताना दुसऱ्या कुठल्या गोष्टी सांगायची नाही, ब्रांडहोर्स्टची सांगायची. लुडेनराटचा तो पुढचा गडी, देशात त्याच्याहून वेगवान कुणी नव्हता, आणि तो तुमच्या वाट्याला यायचा. त्यांच्या मैदानात तो बूट बदलायला रेषेबाहेर गेला तर तुम्ही रेषेवर त्याच्या शेजारी जाऊन थांबलात. तो म्हणाला, 'पाणी पिऊ का रे बाबा?' तुम्ही म्हणालात, 'पी, मी थांबतो.' त्यांचं अख्खं स्टेडियम शिट्ट्या मारत होतं, आजी कानांवर हात ठेवून बसली होती, आणि तुम्ही एकदाही गॅलरीकडे बघितलं नाहीत. त्या माणसाला दीड तासात एक चेंडू धड मिळाला नाही.

मी एका जागी तीन आठवडे टिकत नाही, मला विचारा एका माणसाच्या शेजारी दीड तास उभं राहणं म्हणजे काय. मी जिथे जाते तिथे लोक विचारतात, तू कुणाची, आणि मी गाव सांगायच्या आधी तुम्हाला सांगते.

तेवढ्या शिट्ट्यांत उभे राहिलात. थोड्या शांततेत उभं राहता येणार नाही?

मेर्ले


हेर्टेनबेक, २२ ऑक्टोबर

मेर्ले,

आजी गोष्टी वाढवून सांगायची. पाणी ब्रांडहोर्स्टनं मागितलं नव्हतं, मीच दिलं. त्या दिवशी उकाडा होता.

जातो. अट एकच. तू यायचं नाहीस. तू असलीस तर मी वीस हजारांत तुझाच आवाज ऐकत बसेन, आणि तू शब्द दिला असलास तरी ओरडशील. टीव्हीही बघू नकोस. जे होईल ते मी लिहीन. जसं होईल तसं.

आजोबा


ऱ्हाइन, कोब्लेन्झ, २८ ऑक्टोबर

आजोबा,

कबूल. शनिवारी कप्तानाच्या बायकोकडे माझा फोन देऊन ठेवणार आहे. तिला सांगितलंय, मी रडले तरी द्यायचा नाही. ती म्हणाली, 'तू रडलीस तर बटाटे सोलायला देईन.'

कोट घाला.

मेर्ले


हेर्टेनबेक, ४ नोव्हेंबर

मेर्ले पोरी,

हे पत्र दोनदा सुरू केलं. पहिल्यांदा सरळ शेवटच लिहून टाकला होता, मग फाडलं. तूही क्रमानंच ऐक.

आम्हा अकरांत दोघं वारले आहेत, त्यांच्या जागी त्यांच्या मुली उभ्या होत्या. मैदानात जायच्या बोगद्यात आम्ही ओळीनं थांबलो. माझ्यापुढे आपला जुना पुढचा गडी, ज्यानं कपाच्या सामन्यात दोन गोल मारले होते. त्याच्या खुब्याचा सांधा बदललाय. तो म्हणाला, 'हार्टमुट, मी पडलो तर चेंडू बाहेर मार, खेळ थांबव.'

एकेक जण बाहेर जायला लागला. माइकवरचा पोरगा पहिलं नाव म्हणायचा आणि आडनाव असं यायचं की छपराचा पत्रा थरथरायचा. मुलींच्या वेळी तर त्यांच्या वडिलांचं नाव दोनदा घेतलं लोकांनी. मग मी. ऊन तोंडावर होतं. तू म्हणालीस तसा कोट. मी मधल्या वर्तुळापर्यंत गेलो, वळलो, उभा राहिलो.

'आणि चार नंबर, हार्टमुट...'

पोरानं हात वर केला.

उत्तर गॅलरी गप्प. पावलाक कठड्यावर होता, भोंगा खाली धरून. शब्दाचा पक्का निघाला. इकडे तिकडे म्हाताऱ्यांच्या बाकांवरून पाच-दहा आवाज आले, ते हवेतच विरले. मला वाटलं, ठीक आहे, झालं. मी खाली बघितलं नाही. हे तुला मुद्दाम लिहितो.

आणि मग पाहुण्यांच्या कोपऱ्यातून आलं. त्या जाळीआड दोन हजार लुडेनराटवाले, निळे मफलर, सकाळपासून पोलिसांनी घेरून आणलेले. तिथून एक घोगरा आवाज आला आणि मागोमाग सगळा कोपरा. 'सो-बोट-का.' एका सुरात. आणि त्यावर अशा शिट्ट्या, अशी हुर्यो, की माझं अंग चाळीस वर्षांनी पुन्हा ताठ झालं. पायांनी आपोआप जागा धरली.

थोडा वेळ मला काही समजेना. तिथली पोरं विशीची. त्यांनी मला खेळताना बघितलंच नाही.

उत्तर गॅलरीलाही क्षणभर कळलं नाही. मग पावलाकनं काय केलं असेल? भोंगा उचललाच नाही त्यानं. पण आपल्या माणसाचं नाव लुडेनराटवाल्यांनी घ्यायचं आणि आपण गप्प, हे आपल्या गावाला सोसणारं आहे का? पहिल्यांदा एक बाई ओरडली, मग मागचे, मग सगळे. आधी नाव माहीत नसलेल्यांनीसुद्धा तिकडून ऐकून उचललं. तिकडून शिवी म्हणून, इकडून मान म्हणून, मध्ये मी. पोराचा हात वरच होता, खाली घ्यायला विसरला.

मी दोन्ही हात कानांमागे धरले, 'अजून जोरात' म्हणावं तसे, आणि निळ्या कोपऱ्याकडे वळून वाकलो. असं वाकणं मला खेळताना कधी जमलं नसतं. शिट्ट्या दुप्पट झाल्या.

मध्यंतरात एक बाई जाळीपाशी आली. चाळिशीची, निळा मफलर. पोलीस मला अडवत होता, मी त्याला म्हटलं, 'सोड रे, मला यांच्याकडून धोका असता तर तेव्हाच मेलो असतो.'

मी तिला विचारलं, 'तुम्हा लोकांना माझं नाव कसं माहीत?'

'तुम्हाला खरंच माहीत नाही?' म्हणाली. 'आमच्याकडे समोरच्या कुठल्याही बचावपटूनं आमच्या गड्याचा शर्ट धरला की सगळी गॅलरी ओरडते, सोबोट्का. कुणीही असो, कुठल्याही क्लबचा. माझे बाबा ओरडायचे, मी ओरडते, माझी मुलगी सहा वर्षांची आहे, ती ओरडते. मला कितीतरी वर्षं वाटायचं की तो फाउलचाच प्रकार आहे. तुम्ही माणूस आहात हे नंतर कळलं.'

तिनं मफलर जाळीतून पुढे केला, सहीसाठी. म्हणाली, 'बाबा आजारी असतात. तुम्हाला फार शिव्या द्यायचे. त्यांना दाखवते, खूश होतील.'

मी सही केली.

म्हणजे बघ. चाळीस वर्षं मी इकडे दुकानात बसून, गल्लीत, रांगेत, लोक मला विसरत चालले हे बघत होतो. आणि तिकडे दर पंधरा दिवसांनी, उन्हात, पावसात, मी कामावर होतो. बाप मुलांना शिकवत होते. आपल्या गावात मला जपलं नाही असं नाही, पण लोभानं जपलेलं कधीतरी सैल पडतं. त्यांनी रागानं जपलं. एवढा राग मी एकट्यानं कमावलाय, मेर्ले. कुणी ओळखीनं दिला नाही, कुणी ठरवून दिला नाही. लुडेनराटवाल्यांना तुझ्यासारख्या दहा नातींनी हातापाया पडून सांगितलं असतं तरी ते ओरडले नसते.

सामना बरोबरीत सुटला. मी नीट बघितला नाही.

आता पुढचं. फेब्रुवारीत परतीचा सामना आहे, त्यांच्याकडे. मी तिकिटं सांगून ठेवलीत. पाहुण्यांच्या जाळीतली नाहीत, त्यांच्या गॅलरीच्या शेजारची, निळ्यांच्या मधली. तुझी आई म्हणते, मला वेड लागलंय. मला एकदा त्यांच्यात बसून ऐकायचंय, कुणीतरी कुणाचा तरी शर्ट धरेल तेव्हा. आणि खरं सांगतो, आपल्याच पोरानं धरला तर मीही ओरडणार आहे.

तुला यायचं असलं तर ये. पण दीड तास शेजारी बसायचं. कुणी पाणी प्यायला उठलं तरी.

आजोबा